आजीची 'हम लोग' मोबाईलवर : जुन्या मालिका कायदेशीर मार्गाने कुठे पाहाल?

"अगं, ते दादामुनी शेवटी येऊन बोलायचे ना, ते लाव की मोबाईलवर!" इंदूरच्या माझ्या आजीनं मागच्या दिवाळीत फर्माईश केली. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा अर्धी गल्ली आमच्याच घरी जमायची म्हणे. भाग संपला की अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलायचे आणि मग जेवताना आजोबा त्यांची नक्कल करायचे. आजोबा गेल्यानंतर आजीनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

मी घाईघाईनं शोधलं. पहिल्या लिंकवर जाहिरातींचा मारा. दुसरीनं एक अ‍ॅप उतरवायला लावलं आणि ते लगेच मेसेज वाचायची परवानगी मागू लागलं. आजीच्या बँकेचे ओटीपी याच फोनवर येतात! ते अ‍ॅप तिथंच काढून टाकलं.

जुनं म्हणजे फुकट नव्हे

मालिका जुनी झाली म्हणजे ती कुणीही वाटावी, असं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रित कार्यक्रमावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९८४ च्या भागांवर २०४४ अखेरपर्यंत हक्क राहतो. म्हणून टेलिग्रामवरच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या फाइलींपासून लांबच राहा.

मग पाहायचं कुठे?

• वेव्हज : प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी महोत्सवात हे अ‍ॅप सुरू केलं. 'रामायण', 'महाभारत', 'हम लोग' अशा मालिकांसाठी आधी इथंच शोधा. बरंच काही मोफत आहे, काही गोष्टींसाठी वर्गणी लागते.

• यूट्यूब : 'प्रसार भारती अर्काइव्हज' या अधिकृत चॅनलवर दूरदर्शनचा जुना खजिना आहे. श्याम बेनेगल यांची ५३ भागांची 'भारत एक खोज' मुलांसोबत जरूर पाहा. मराठीसाठी 'डीडी सह्याद्री'चं चॅनल चाळा.

• खासगी वाहिन्या : मालिका कोणत्या वाहिनीवर लागायची ते आठवा, म्हणजे अ‍ॅप सापडतं. झी मराठीसाठी झी५, सोनीसाठी सोनीलिव्ह, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीसाठी जिओहॉटस्टार. वर्गणी भरण्याआधी हवी ती मालिका तिथं आहे का, हे नक्की तपासा.

खरं-खोटं ओळखा

अ‍ॅप फक्त प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्या आणि ते बनवणाऱ्याचं नाव वाचा. यूट्यूबवर व्हिडिओ कुणी टाकला आहे, ते पाहा. वाहिनीचं किंवा निर्मात्याचं अधिकृत चॅनल असेल तर उत्तम. चित्र उलटं फिरवलेलं, आवाज बदललेला किंवा कडेनं कापलेलं दिसलं, तर बहुधा ती चोरीची प्रत असते. नाव मराठीत टाकून सापडलं नाही, तर हिंदी आणि इंग्रजी स्पेलिंगनंही शोधा.

त्या रात्री आम्हाला 'हम लोग' सापडली. मोबाईल टीव्हीला जोडला. भाग संपला, दादामुनी आले. आजी ऐकत राहिली आणि डोळे पुसत म्हणाली, "तुझे आजोबा याच्यापेक्षा छान बोलायचे हं!"

आता रोज जेवणानंतर एक भाग ठरलेला आहे. तुमच्या घरातल्या मोठ्यांनाही आज विचारून बघा, त्यांना कोणती मालिका पुन्हा पाहायची आहे?