मलंगगड किती अंशांचा?

शहरातून दिसणाऱ्या डोंगरांचा विषय निघाला की पोखरा, दार्जिलिंग, टोकियो ही नावं आधी येतात. मोहन्याचं नाव कुणी घेत नाही. कल्याणच्या उत्तरेला, आंबिवली स्थानकाजवळ, उल्हास नदीच्या काठावरची ही कामगारवस्ती. पावसाळा सरल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी इथल्या उंच गच्चीवर गेलं, की दक्षिणेला मलंगगडाचा कातळमाथा, त्याच्या डावीकडे दूरवर माथेरानचं सपाट पठार आणि पाठ फिरवली की ईशान्येच्या अंगाला माहुलीची रांग. हे दृश्य जगातल्या नावाजलेल्या दृश्यांच्या तुलनेत कुठे बसतं, हे मोजता येतं.

डोंगर किती भव्य दिसेल, हे त्याच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ठरत नाही. पाहणारा जिथे उभा आहे तिथून तो किती वर उठतो आणि किती लांब आहे, यावर ठरतं. दहावीच्या भूमितीत दीपगृहाची आणि जहाजाची उदाहरणं सोडवताना भेटलेला उन्नत कोन तो हाच. हात पूर्ण लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली, तर तिची रुंदी साधारण एक अंश भरते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा.

आता हिशेब मांडू. मलंगगडाची उंची सुमारे ७९० मीटर. मोहन्यापासून तो सरळ रेषेत अठरा किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे कोन अडीच अंशांचा. कल्याण स्थानकाजवळून तो तीन अंशांवर जातो, अंबरनाथहून चारपर्यंत. पुण्यात स्वारगेटहून दिसणारा सिंहगड १,३०० मीटरहून उंच आहे खरा, पण पुणंच मुळात ५६० मीटरवर वसलेलं. उरलेले साडेसातशे मीटर, अंतर अठरा किलोमीटर. कोन पुन्हा अडीच अंशांच्या आतबाहेर! नकाशावर पाचशे मीटरनी ठेंगणा असलेला मलंगगड डोळ्यांना सिंहगडाच्या बरोबरीचा दिसतो, कारण कल्याणची जमीन जवळपास समुद्राच्या पातळीवर आहे. कोकणपट्टीचा हा फायदा घाटमाथ्यावरच्या शहरांना मिळत नाही.

अमेरिकेतल्या सिअॅटलला आता मराठी घरं पुष्कळ आहेत आणि तिथल्या माउंट रेनियरचे फोटो दर मोकळ्या दिवशी इकडच्या नातेवाइकांच्या मोबाइलवर येतात. रेनियर ४,३९२ मीटर उंच, पण शहरापासून नव्वदहून अधिक किलोमीटर लांब. पृथ्वीच्या गोलाईत बुडालेला भाग वजा केला तर कोन अडीच अंशांच्याही थोडा खालीच राहतो. अंशांच्या मापाने कल्याणचा मलंगगड त्याच्यापेक्षा उंच ठरतो.

अर्थात, यावरून कल्याणने सगळ्यांना मागे टाकलं असं म्हणता येणार नाही. दार्जिलिंगहून कांचनजंगा पाच अंशांजवळ असतं, तेही सत्तरहून अधिक किलोमीटरवरून. पोखऱ्याहून माछापुच्छ्रे जवळजवळ तेरा अंश चढतो. मात्र महाराष्ट्राकडे याला उत्तर आहे: त्र्यंबकेश्वर. गाव सुमारे ७२० मीटरवर, ब्रह्मगिरी १,३०० मीटरच्या घरात आणि मध्ये अंतर जेमतेम दोन किलोमीटर. कोन पंधरा अंशांचा! मंदिराबाहेर मान वर करून पाहणाऱ्याला हा आकडा सांगावा लागत नाही.

तरीही नुसते अंश पुरेसे नाहीत, आकारही लागतो. ठाण्याला येऊरचे डोंगर खेटून आहेत, मुंब्र्याचा डोंगर तर स्थानकाच्या डोक्यावरच उभा आहे. कोनात ते मलंगगडाला सहज हरवतील. पण लांबून ओळख पटावी अशी रेषा मलंगगडाची आणि माहुलीची. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले, मऊ थर झिजून उतार आणि माच्या झाल्या. मलंगगडाची पीरमाची, सोनेमाची आणि बालेकिल्ला ही चढती रचना त्यातूनच आली. माहुली ८५८ मीटर उंच. मोहन्याहून तिचा कोन दोन अंशांच्याही आत, पण सुळक्यांमुळे नजर तिथेच ठरते. शहाजीराजांना १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढलं ते याच गडावर.

आणि हवा. ऑक्टोबरात पावसाने धुतलेली हवा असते, थंडीत जमिनीलगत धुरकं साचतं आणि माहुली दिवसच्या दिवस गायब होते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे हवा निवळली, तेव्हा जालंधरच्या लोकांना शंभराहून अधिक किलोमीटरवरची धौलाधारची बर्फाची रांग गच्चीतून दिसली. तिथल्या तरुण पिढीने ती घरातून कधी पाहिलीच नव्हती.

धुरकं वाऱ्याने जातं, इमारत जात नाही. टोकियोच्या निप्पोरी भागातला फुजीमिझाका हा रस्ता फुजी पर्वताच्या दर्शनासाठी प्रसिद्ध होता. २०१३ साली आड आलेल्या इमारतीने ते दर्शन बंद झालं. कॅनडातल्या व्हँकुव्हरने वेळीच हालचाल केली. उत्तरेकडचे डोंगर शहराच्या ठरावीक जागांवरून दिसत राहावेत म्हणून १९८९ मध्ये दृष्टिरेषा आखल्या आणि त्या रेषांत येणाऱ्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा घातली.

कल्याण-डोंबिवलीत टॉवर झपाट्याने चढत आहेत आणि घरं लागणारच आहेत. पण उल्हास नदीचे पूल, खाडीचा काठ, दुर्गाडी किल्ल्याचा परिसर अशा चार-सहा सार्वजनिक जागा निवडून तिथून मलंगगड आणि माहुलीकडे जाणाऱ्या नजरेच्या वाटा मोकळ्या ठेवणं अशक्य नाही. शहराच्या विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवण्याची तरतूद १९६६ च्या नगररचना कायद्यात आहे. पुढच्या वेळी मागवल्या जातील तेव्हा रस्ते, पाणी, उद्यानांबरोबर ही मागणीही लेखी द्या.