लाल डोळा म्हणजे 'डोळे येणे'च नव्हे

डोळा लाल झाला की 'डोळे आले' असे म्हणून आपण दुकानातून थेंबांची बाटली आणतो. परंतु लाली डोळ्याच्या आतील सुजेची असेल, तर ही सवय दृष्टीवर बेतू शकते.

डोळ्याला तीन आवरणे असतात. बाहेरचे पांढरे व चिवट, आतले प्रकाश टिपणारे दृष्टिपटल आणि या दोहोंमधले रक्तवाहिन्यांनी भरलेले. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, त्यामागचा डोळ्यातील पाणी तयार करणारा भाग आणि मागे पसरलेले रंजितपटल मिळून हे मधले आवरण होते. बाहेरचे कवच सोलल्यास ते काळ्या द्राक्षासारखे दिसते. म्हणूनच लॅटिनमधील द्राक्षावरून त्याला 'युव्हिया' हे नाव पडले. त्याच्या सुजेला युव्हायटिस म्हणतात.

येथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने शरीरातील इतर रोगांचे पडसाद येथे उमटतात. क्षयरोग किंवा सकाळी कंबर आखडणारा तरुणपणीचा संधिवात ही त्याची कारणे असू शकतात. अनेकदा कारण सापडतही नाही.

मावळातील शेतकऱ्यांनी आणखी एक कारण लक्षात ठेवावे. उंदीर व जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू भातखाचराच्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. ताप व पोटऱ्यांचे दुखणे बरे झाल्यावर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनीही डोळ्यात सूज येऊ शकते. तमिळनाडूत मदुराई येथे 1993 च्या पुरानंतर असे बरेच रुग्ण आढळले होते.

डोळे आल्यास चिपडे येतात, पापण्या चिकटतात. नजर सहसा शाबूत राहते. युव्हायटिसमध्ये चिपडे नसतात. डोळा ठणकतो, उजेड सोसत नाही, अंधुक दिसते व लाली बुबुळाभोवती अधिक असते. सूज मागच्या भागात असल्यास लाली वा वेदना नसतानाही डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात.

उपचारात बाहुली मोठी ठेवणारे थेंब देतात. त्यामुळे रंगीत पडदा भिंगाला चिकटत नाही. सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब असतात. ते मनाने कधीही घालू नयेत. बुबुळावर जखम असल्यास ती चिघळते, तर दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेले थेंब मध्येच बंदही करू नयेत, सूज उलटते.

पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल आणि नंतर डोळा दुखू लागला, तर नेत्रतज्ज्ञांकडे त्वरित जावे व त्या तापाची हकिगत त्यांना आवर्जून सांगावी.