पट्टीवरचा शेवटचा रंग

यवतमाळातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी आठलाच गर्दी होते. पहिल्या एसटीनं आलेल्या बाया, हातात कॅरीबॅगेत गुंडाळलेली डबी. "पहिली थोडी सोडून दिली न मावशी? मधातलीच भरली न?" एवढं विचारून टेक्निशियन डब्यांना नंबर घालतो. फिनाईलनं नुकतीच पुसलेली खोली, तरी झाकणं उघडली की अमोनियाचा दर्प नाकात शिरतोच. लघवी घट्ट असली की तो जास्त झोंबतो.

मग पट्टी. डबीत बुडवायची, निथळायची, पाऊण मिनिट थांबायचं. पट्टीवर बरेच चौकोन असतात, पण कापूस वेचणीच्या दिवसांत टेक्निशियनची नजर आधी एकावरच जाते, लघवीची घनता दाखवणाऱ्या. पाण्यासारखी पातळ लघवी असेल तर तो निळसर-हिरवा राहतो. घट्ट होत जाईल तसा पिवळ्याकडे झुकतो. निव्वळ पाणी म्हणजे 1.000. पोटभर पाणी पिणाऱ्याची लघवी 1.010 च्या आसपास. 1.030 हा पट्टीवरचा शेवटचा रंग. त्यापुढचं पट्टीला कळत नाही. "टेन-थर्टी," तो कागदावर लिहितो. पुढची डबी. "टेन-थर्टी." कंबर धरून बाकावर बसलेल्या बाईची तक्रार पट्टीनं आधीच सांगितलेली असते.

उरलेली लघवी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरते, तळाला बसलेला थेंब काचेवर जातो. मायक्रोस्कोपखाली त्यात चौकोनी, चकाकते, आत फुली मारलेले स्फटिक दिसतात. हेच कॅल्शियम ऑक्झलेट, आणि मुतखड्यांपैकी बहुतांश खडे याचेच असतात. पण असे स्फटिक धडधाकट माणसाच्या लघवीतही सापडतात, डबी तासभर पडून राहिली तरी वाढतात. रिपोर्टवर 'क्रिस्टल्स' हा शब्द वाचून हबकलेल्यांना टेक्निशियन हेच समजावतो. स्फटिक वाहून गेले तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते अडकल्यावर.

कुठं अडकतात? मूत्रपिंडात लघवी जिथून थेंबथेंब गळते त्या टोकांवर. अलेक्झांडर रँडल या अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञानं 1937 साली दाखवून दिलं, की तिथल्या अस्तराखाली चुनकट ठिपके असतात. हे ठिपके कॅल्शियम फॉस्फेटचे. वरचं अस्तर झिजलं की ठिपका उघडा पडतो आणि घट्ट लघवीतलं कॅल्शियम ऑक्झलेट त्यावर थरावर थर चढू लागतं. लघवीत सायट्रेट आणि मॅग्नेशियम पुरेसं असेल तर ते या जोडणीत आडवं येतं. पाणी भरपूर असेल तर जोडणीच मुश्कील. म्हणजे खडा व्हायला नुसतं कॅल्शियम आणि ऑक्झलेट पुरत नाही, त्यांना धरून ठेवणारी घट्ट लघवी लागते. पुन्हा तोच आकडा, 1.030.

जिल्ह्यात मात्र मुतखड्याचा दोष ठरलेला आहे: पाण्यात क्षार. भांड्याला पांढरा थर बसतो, म्हणून किडनीतही तसाच बसणार, असा सरळ हिशोब. आरओच्या पाण्याचे जार विकणाऱ्यांचा धंदाही त्यावरच चालतो. पण जड पाण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडून शौचावाटे बाहेर नेऊ शकतं. जड पाण्यानं खडे वाढतात असा ठाम पुरावा नाही. फ्लोराईडची गोष्ट वेगळी. पांढरकवडा, झरी जामणी भागातल्या बोअरमध्ये फ्लोराईडचा त्रास जुना आहे, दातांवर आणि सांध्यांवर तो दिसतो. दक्षिण राजस्थानातल्या आदिवासी गावांचा एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जास्त फ्लोराईडच्या भागात मुतखड्याचं प्रमाण 4.6 पट आढळलं होतं. तेव्हा पाण्याला दोष द्यायचाच तर तो भांड्यावरच्या थराकडे बघून देऊ नये, पाणी तपासून द्यावा.

खाण्याच्या बाबतीतही असंच. टोमॅटो बिचारा उगाच बदनाम. त्यात ऑक्झलेट नगण्य. पालकात त्याच्या कैक पटींनी. नीट न शिजलेला धोपा घशात खवखवतो तो याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळं. मात्र सगळ्यात चुकीचा सल्ला असतो तो दूध-दही बंद करण्याचा. इटलीतल्या पार्मा इथं 120 पुरुषांवर पाच वर्षं प्रयोग झाला, 2002 मध्ये तो प्रसिद्ध झाला. कॅल्शियम तोडलेल्या 60 पैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकंच, पण मीठ आणि मांसाहार कमी ठेवलेल्या 60 पैकी 12 जणांना. मीठ जास्त गेलं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. भाकर, मिरचीचा ठेचा, लोणचं आणि ताक नाही, हा मजुराच्या डब्याचा नेहमीचा थाट नेमका उलटा पडतो.

पानफुटीची पानं, कुळथाचं पाणी, बाटलीभर बिअर या खडा पाडण्याच्या उपायांचं यश बहुधा पाच मिलिमीटरच्या आतल्या खड्यांवर उभं असतं. तसले बहुतेक खडे आपणहूनच पडतात.

डॉक्टर सांगतात, दिवसाला अडीच लिटर. पाणी नव्हे, लघवी. ऑक्टोबरच्या उन्हात घामावाटे गेलेलं धरून प्यायचं किती, याचा अंदाज रोग्यानंच करायचा. सल्ला खरा आहे. त्याच पार्मामध्ये पहिल्यांदा खडा झालेल्यांना पाणी वाढवायला सांगितलं होतं, तेव्हा पाच वर्षांत शंभरातल्या बारा जणांना तो परतला. न सांगितलेल्यांत सत्तावीस जणांना. यापेक्षा स्वस्त औषध नाही.

पण बाकावरच्या त्या बाईला हे औषध परवडत नाही. राळेगावकडच्या एका वावरात ती सकाळपासून कपाशीच्या ओळीत वाकलेली असते, कमरेला ओटी, मजुरी किलोवर. दोन लिटरची कॅन बांधावरच्या बाभळीखाली, आणि ती तिघींत. वावरात आडोसा नाही, पलीकडच्या वावरात गडी माणसं आहेत. "पानी पेलं का उठा लागते," ती म्हणते, "अन् उठलं का किलो कमी होते." म्हणून सकाळी निघताना पेलाभर आणि मग घरी परतल्यावर तांब्याभर. मधले आठ-नऊ तास मूत्रपिंडं आहे तेवढं पाणी शरीरात राखून ठेवतात आणि उरलेलं घट्ट करत जातात.

2005 च्या रोजगार हमी कायद्यानं कामाच्या जागी पिण्याचं पाणी आणि सावली देण्याची तरतूद केली. ती सरकारी कामापुरती. खासगी वावरात वेचणीचा दर ठरतो तेव्हा बोलणं किलोमागच्या रुपयांवर होतं. कॅन किती, ती कोण आणणार आणि आडोशाला गोणपाटाचा पडदा कोण बांधणार, हे त्या बोलण्यात अजून आलेलं नाही.