अँटीबॉडी घेताना पारख कशी कराल?

निकामी पेशी शरीर ठरलेल्या रीतीने संपवते. त्यातले एक कामकरी प्रथिन म्हणजे कॅस्पेस-३; एरवी ते निजलेले, कापले गेले की कामाला लागते. कर्करोगाच्या औषधाने पेशी अशा मरतात का, हे पाहायला संशोधक कापलेला तुकडा शोधतात. तो पकडणारी अँटीबॉडी पुष्कळदा सशापासून बनते.

कुपीत माल थेंबभर, किंमत मात्र भारी! सराफाला कसोटीचा दगड, तशी येथे एमसीएफ-७ ही स्तनकर्करोगाची पेशी. तिच्यात कॅस्पेस-३ नसतेच, हे १९९८ साली प्रसिद्ध झाले. तिथेही खूण उमटली तर अँटीबॉडी भलत्यालाच पकडते. महिन्यांची मेहनत पाण्यात. हे प्रथिन असलेल्या मरत्या पेशीत मात्र खूण दिसलीच पाहिजे. व्यापारी बंधूंनी दोन्ही पुरावे ऑर्डरीआधीच मागावेत.