जॅक घ्यायच्या आधी फळी

या आठवड्यात ट्रॉली जॅकचं पुराण लावतो म्हणालो होतो. ते पुढे ढकलतोय. शिरपूरकडच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि चार दिवस ते डोक्यातून जात नाहीये. लिहितात, "ईको खळ्यात उभी असते. मे महिन्यात गाडीबरोबर आलेल्या कैची जॅकने चाक बदललं, काही अडचण आली नाही. परवा पाऊस उघडल्यावर पुन्हा जॅक लावला, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली गेला. आता दोन टनी घेऊ की तीन टनी?"

भाऊ, दहा टनी घेतला तरी तो जाईलच. स्वतःच जड असल्यामुळे जरा लवकर जाईल.

जॅकवर लिहिलेले टन हे जॅकचे असतात, जमिनीचे नव्हे. रिकामी ईको सव्वानऊशे किलोच्या आसपास भरते. एक चाक उचलताना जॅकवर त्यातले अडीचशे ते तीनशे किलो येतात. दोन टनी जॅकला हा भार म्हणजे काहीच नाही. पण माझ्याकडच्या बॉटल जॅकचं बूड ९ सेंटीमीटर बाय ९ सेंटीमीटर, म्हणजे ८१ चौरस सेंटीमीटर. त्यावर २७० किलो ठेवले की दर चौरस सेंटीमीटरला ३ किलोच्या वर दाब झाला. आता आपली काळी माती बघा. पाया घालणाऱ्यांच्या तक्त्यात कोरड्या काळ्या मातीला चौरस मीटरला १५ टन इतका भार सुरक्षित मानतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरला दीड किलो. अंगठा सहज आत शिरेल अशी ओली चिकण माती असेल तर हाच आकडा ५ टनांवर, म्हणजे अर्ध्या किलोवर येतो. हे आकडे राखून धरलेले असतात, म्हणून मे महिन्यात दुप्पट दाब देऊनही तुमचा जॅक तरला. आषाढात तोच दाब सहापट ठरला.

अंगठ्याची खूण मी गंमत म्हणून सांगत नाहीये. पाया बघणारे लोक खरोखरच माती अंगठ्याने दाबून बघतात. तुम्हीही बघा, पण वरची पापडी खरवडून. पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडलं की काळ्या मातीवर कडक पापडी धरते आणि खाली लोणी असतं. जॅक त्या पापडीवर चांगला बसल्यासारखा वाटतो, चार-सहा फेरे गाडी उचलतोही, आणि मग पापडी एका बाजूने फुटते. सरळ खाली जाणारा जॅक नुसता वैताग देतो. तिरका जाणारा गाडी पाडतो.

उपाय फळी. एक फूट बाय एक फूट, म्हणजे ९०० चौरस सेंटीमीटर. तेच २७० किलो आता चौरस सेंटीमीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास पसरतात आणि ओली मातीही ते पेलते. मात्र फळी दोन इंच जाड हवी. प्लायवूडचा तुकडा टाकला की तो मधे वाकतो, कडा वर उचलल्या जातात आणि सगळा भार पुन्हा मधल्या वीतभर जागेवर येतो. सागवानाची हौस नको, बाभूळ उत्तम. मधे गाठ किंवा चीर नको. फरशीचा तुकडा तर अजिबात नको. हे मी पैसे मोजून शिकलोय. जळगावच्या घरी अंगणात शहाबादी घातली, तेव्हा वाटलं, आता घरीच गॅरेज झालं. पण एका फरशीखालची वाळू पावसाने वाहून गेली होती. माझी ओम्नी उचलली, चाक काढलं, तोच फरशी बंदुकीसारखी वाजली आणि गाडी जॅकवरून घसरून ब्रेकच्या ड्रमवर बसली. हात तेव्हा ड्रमखाली नव्हता, पान्हा आणायला वळलो होतो. विटा आणि सिमेंटचे ठोकळेही याच जातीचे. सूचना न देता फुटतात. लाकूड निदान करकरतं.

आता फळी आली की दुसरी पंचाईत होते आणि जॅक निवडण्याचा खरा मुद्दा इथेच आहे. मागे ओम्नीच्या मागच्या आखाखाली टेप लावून मोजलं होतं. चाकात हवा असताना आखाची नळी जमिनीपासून २३ सेंटीमीटर होती आणि पंक्चर होऊन चाक बसल्यावर १५. माझा बॉटल जॅक पूर्ण मिटवला तरी १९ सेंटीमीटर उंच. म्हणजे ज्या कामासाठी घेतला, नेमकं त्याच वेळी तो खाली जात नाही. त्यात ५ सेंटीमीटरची फळी टाकली की हिशेबच संपला. कैची जॅक मात्र मिटवल्यावर १० सेंटीमीटरच्या आसपास असतो, तो फळीसकट बसतो. दुकानात सगळे "किती टनी?" विचारतात. "मिटवल्यावर केवढा?" असं विचारणारा गिऱ्हाईक मी अजून बघितलेला नाही.

ट्रॉली जॅकवाल्यांनी रागावू नये, पण त्याचं एक वाक्य आजच सांगून टाकतो. त्याचा हात वर जाताना कमान घेतो, म्हणून जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडं पुढे सरकावं लागतं. सिमेंट काँक्रीटवर तो सरकतो. मातीत चाकं रुतली की जॅक जागेवर राहतो आणि गाडी ओढली जाते. खळ्यात, शेतात तो आणूच नका.

फळीवरून आजोबा आठवतात. यावल तालुक्यात आमची बैलगाडी होती. वंगण द्यायचं म्हणजे दोन गडी लांब दांडा आखाखाली घालून दाबायचे, गाडी उचलली गेली की पोराने, म्हणजे मी, आखाखाली बाभळीचा ठोकळा सरकवायचा. मग गडी दांडा सोडून मोकळे. चाक ओढायचं ते गाडी ठोकळ्यावर बसल्यावरच. दांड्याच्या भरवशावर आजोबांनी मला चाकाला हात लावू दिला नाही. पुढे धुळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी तेच अहिराणीत सांगितलं, "जॅक गाडीले उचलस, धरत नही."

का धरत नाही, ते बॉटल जॅकच्या पूर्वजाकडे बघितलं की कळतं. १७९५ साली इंग्रज यंत्रकार जोसेफ ब्रामाने पेटंट घेतलेलं द्रवाच्या दाबावर चालणारं दाबयंत्र गळायचं थांबलं, ते चामड्याच्या वाटीमुळे. तिचं श्रेय त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला देतात. आज तिथे रबराचं सील असतं. ते झिजलं, किंवा झडपेत कचरा अडकला, की बॉटल जॅक सावकाश उतरू लागतो. कैची जॅकचा स्क्रू आपोआप उतरत नाही, पण तो कलंडतो. म्हणून गाडीखाली शिरायचं असेल तर घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, हव्यात, आणि त्या आरपार पिन घालायच्या. दातऱ्यावर अडकणाऱ्या नकोत. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या कंपनीला अशा दातऱ्याच्या घोड्या लाखोंनी परत बोलवाव्या लागल्या, कारण भार असताना अडकण सुटून घोडी एकदम खाली बसू शकत होती. पिन वाकली तर दिसते. घेताना लिहिलेले टन एका घोडीचे की जोडीचे, तेही विचारा. आणि घोडीचे पाय जॅकच्या बुडापेक्षाही निमुळते असतात, तेव्हा फळ्या तिच्याखालीही लागणार.

शेवटी हँडब्रेक. ओम्नी काय, ईको काय, हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. मागचं एक चाक उचललं की गाडी एका चाकाच्या ब्रेकवर उरते. गिअरमध्ये टाकून उपयोग नाही, कारण डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक फिरू लागतं. मागची बाजू पूर्ण उचलली तर जमिनीवरच्या पुढच्या चाकांना धरणारं काहीच नाही. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी मारायच्या. गोल दगड नको, तो गाडीबरोबर चालू लागतो.

तर शिरपूरकर, जॅक नवा घेऊ नका. तुमचा कैची जॅकच बरा आहे. फक्त त्याच्या स्क्रूला ग्रीस द्या. वखारीत जाऊन बाभळीच्या तीन फळ्या आणि चार पाचरी कापून घ्या, पिनच्या दोन घोड्या घ्या. आणि एक काम माझ्यासाठी करा. ईकोच्या मागच्या चाकातली हवा पूर्ण सोडून आखाखालची उंची टेपने मोजा आणि कळवा. ओम्नीचा आकडा माझ्याकडे आहे, ईकोचा नाही.