सॅनिटायझरलाही न जुमानणारा जीवाणू: सी. डिफ म्हणजे नेमकं काय?



दोन वर्षांपूर्वी माझ्या आत्याला न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट केलं होतं. अँटिबायोटिक्सनी ताप उतरला, खोकला कमी झाला आणि जुलाब सुरू झाले. दिवसाला दहा-बारा वेळा! आम्हाला वाटलं, औषधं उष्ण पडली. मी मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणणारच होतो, पण डॉक्टर म्हणाले, "थांबा, आधी शौचाची तपासणी करू." रिपोर्टमध्ये नाव आलं क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल, म्हणजेच सी. डिफ. आज त्याचीच माहिती बघूया.

हा जीवाणू येतो कुठून?

१९३५ मध्ये अमेरिकेत नवजात बाळांच्या शौचात तो पहिल्यांदा सापडला. प्रयोगशाळेत वाढवायला कठीण, म्हणून नाव पडलं 'डिफिसिल'. बाळांना त्याचा सहसा त्रास होत नाही. अँटिबायोटिक्सनंतर होणाऱ्या आतड्याच्या गंभीर सुजेमागे हाच आहे, हे कळायला १९७८ साल उजाडलं.

आपल्या आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. एसटीत सगळ्या सीटवर माणसं बसलेली असली की नवीन माणसाला जागा मिळत नाही, तसंच हे. अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर या चांगल्या जीवाणूंनाही उठवतं. सीट रिकाम्या झाल्या की सी. डिफ बसतो आणि विष सोडतो. शिवाय चांगले जीवाणू पित्तरसाचं रूप बदलून सी. डिफची वाढ रोखत असतात. ते गेले की तो पहाराही उठतो.

सॅनिटायझर का चालत नाही?

आत्याजवळ बसताना मी दर अर्ध्या तासाने हाताला सॅनिटायझर चोळत होतो. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "दादा, साबणाने धुवा." कारण हा जीवाणू स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. त्याला बीजाणू म्हणतात. अल्कोहोलने ते मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी त्यांना मारत नाही, पण हातावरून धुऊन काढतं. कॉटचा कठडा, कमोड, दाराची कडी इथे ते महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून फरशी आणि वस्तू पुसायला क्लोरीनचं द्रावण लागतं.

उपचार

पहिली पायरी म्हणजे शक्य असेल तर आधीचं अँटिबायोटिक बंद करणं. मग व्हॅन्कोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिन. इथे एक गंमत आहे: व्हॅन्कोमायसिन शिरेतून दिलं तर मोठ्या आतड्यात पोचतच नाही, म्हणून ते तोंडानेच घ्यावं लागतं.

खरी डोकेदुखी म्हणजे आजार उलटणं. साधारण पाचातल्या एका रुग्णाला तो परत होतो. आत्याचंही तेच झालं. घरी आल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा जुलाब, पुन्हा तीच धावपळ.

अशा रुग्णांसाठी संशोधकांनी विचार केला, रिकाम्या सीट पुन्हा भरल्या तर? निरोगी माणसाच्या शौचातले जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडायचे. ऐकून नाक मुरडाल, पण १९५८ मध्ये अमेरिकेतले सर्जन बेन आयझमन यांनी चार रुग्णांवर हे करून पाहिलं होतं. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीचे निकाल आले: या पद्धतीने १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले, तर नुसत्या व्हॅन्कोमायसिनने १३ पैकी ४. फरक एवढा मोठा होता की चाचणी लवकर थांबवली.

धोकाही आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या शौचातून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय गेला आणि एक रुग्ण दगावला. त्यानंतर दात्यांच्या तपासण्या कडक झाल्या. २०२३ मध्ये तिथे तोंडाने घ्यायच्या अशा कॅप्सूललाही मंजुरी मिळाली. त्यामुळे हा प्रयोग घरी करायचा नाही, हे सांगायला नकोच!

आपण काय लक्षात ठेवायचं?

- अँटिबायोटिक घेताना किंवा नंतरच्या काही आठवड्यांत दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब झाले तर डॉक्टरांना दाखवा आणि कोणती औषधं घेतली ते सांगा.
- जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नका.
- साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका.

आत्या दुसऱ्या कोर्सनंतर बरी झाली. आता मला शिंक आली तरी तीच दटावते, "उगाच गोळ्या खाऊ नकोस रे!"