पिकअप ट्रकवरील कॅम्पर आणि मागील सस्पेन्शनची सुधारणा : एक विवेचन

प्रस्तावना :
अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत पिकअप ट्रकच्या हौद्यात निवासाची छोटी खोली बसवून दीर्घ प्रवास करण्याची प्रथा रूढ आहे. या खोलीस 'कॅम्पर' असे म्हणतात. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना तिचा परिचय जॉन स्टाइनबेक यांच्यामुळे असण्याची शक्यता आहे. त्यांनी १९६० मध्ये पाऊण टनी पिकअप ट्रकवर कॅम्पर बसवून अमेरिकेचा प्रवास केला व १९६२ मध्ये त्यावर 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक प्रसिद्ध केले. 'रोसिनान्ते' नावाचे ते वाहन आज कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथील स्टाइनबेक केंद्रात जतन केलेले आहे.

असे वाहन कच्च्या, खडकाळ मार्गावर नेताना मागील सस्पेन्शन बळकट करण्याचा विचार प्रथम पुढे येतो. या सुधारणेने नेमके काय साध्य होते व काय होत नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाराचे गणित :
पिकअपच्या मागील भागात बहुधा लीफ स्प्रिंग असतात. आपल्याकडील गॅरेजमध्ये त्यांनाच 'पाटे' म्हणतात. भाराच्या प्रमाणात पाटे दबतात, हा स्थितिस्थापकतेचा परिचित नियम होय. उदाहरणादाखल, दोन ॲक्सलमधील अंतर ३.६ मीटर असलेल्या ट्रकवर १,२०० किलोचा कॅम्पर ठेवला आहे असे मानू. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे ३० सेंटिमीटरवर असेल, तर १०० किलो भार पुढच्या ॲक्सलवर व १,१०० किलो मागच्या ॲक्सलवर येतो. तोच गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या मागे ३० सेंटिमीटरवर गेला, तर मागच्या ॲक्सलवर १,३०० किलो भार पडतो आणि पुढच्या ॲक्सलवरचा १०० किलो भार उचलला जातो. पुढची चाके हलकी झाल्याने सुकाणूवरील व पुढील ब्रेकवरील नियंत्रण घटते. म्हणूनच अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार ट्रक उत्पादकाने कॅम्परच्या गुरुत्वमध्याची स्वीकार्य मर्यादा ग्राहकास कळविणे आवश्यक ठरविले आहे.

आता दोन्ही पाट्यांचा एकत्रित ताठपणा सेंटिमीटरला १०० किलो मानल्यास १,१०० किलो भाराने ट्रकची मागील बाजू ११ सेंटिमीटर खाली बसेल. जादा पाटे घालून हा ताठपणा १६० किलोपर्यंत नेल्यास ती सुमारे ७ सेंटिमीटरच बसेल. वाहन पुन्हा समतल दिसू लागेल. परंतु ॲक्सल, बेअरिंग, रिम व टायर यांच्यावरील भार पूर्वीइतकाच, म्हणजे १,१०० किलोच राहील. या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज नेमका येथे आहे. सुधारणेने उंची परत मिळते. वहनक्षमता मिळतेच असे नाही.

सुधारणेचे प्रकार :
पहिला प्रकार जादा पाटे घालण्याचा किंवा पाट्यांचा संपूर्ण संच बदलण्याचा होय. यात भार पूर्वीप्रमाणेच पाट्यांच्या दोन्ही टोकांतून चॅसिसवर पोहोचतो, हा मोठा लाभ आहे. मात्र कॅम्पर उतरविल्यावर तेच पाटे अतिशय कडक वाटतात व रिकामे वाहन उसळते.

दुसरा प्रकार ॲक्सल व चॅसिस यांच्यामध्ये हवेच्या पिशव्या बसविण्याचा. हवेचा दाब कमीअधिक करून उंची जुळविता येते, ही त्यांची सोय. दोन्ही पिशव्यांच्या हवेच्या नळ्या स्वतंत्र असाव्या लागतात. त्या एकमेकींस जोडल्यास वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूस जाते व वाहन अधिक कलते. याहून गंभीर बाब चॅसिसची आहे. पिशवी आपला सर्व भार ॲक्सलच्या वर एकाच ठिकाणी चॅसिसवर टाकते. ॲक्सलच्या मागे कॅम्परचे वजन लोंबत असेल, तर तो बिंदू तरफेच्या टेकूसारखा काम करतो. खडबडीत रस्त्यावरील वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी चॅसिस वाकण्याच्या घटना ऑस्ट्रेलियात घडल्या आहेत.

तिसरा घटक शॉक ॲब्सॉर्बरचा. स्प्रिंग ऊर्जा साठविते व परत करते; ती ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करून आंदोलने शमविण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. वजन व ताठपणा दोन्ही वाढल्यावर मूळचा शॉक ॲब्सॉर्बर अपुरा पडतो. केवळ स्प्रिंग बदलून तो तसाच ठेवणे हे अर्धे काम होय.

चौथा प्रकार अँटी-रोल बारचा. उंच कॅम्परचे डावीउजवीकडे झुलणे तो कमी करतो. मात्र तोच बार दोन चाकांना परस्परांपासून स्वतंत्रपणे वरखाली होऊ देत नाही. त्यामुळे खडकाळ वाटेवर एखादे चाक जमिनीवरून सुटण्याचा संभव वाढतो.

कच्च्या मार्गाच्या विशेष अटी :
असमान जमिनीवर चॅसिसला पीळ बसतो, परंतु कॅम्परची पेटी ताठ असते. या विसंगतीमुळे जोडणीचे हुक व कॅम्परच्या भिंती यांना तडे जातात. 'युनिमॉग'सारख्या लवचीक चॅसिसच्या वाहनांवर निवासी पेटी तीन किंवा चार बिंदूंवर, काही बिंदू फिरते ठेवून बसविण्याची पद्धत याच कारणाने आली. टायरचाही विचार करावा लागतो. वाळूत पकड मिळावी म्हणून हवेचा दाब कमी केला, की टायरची भारवहनक्षमताही घटते. अशा वेळी वेग मंद ठेवणे अनिवार्य ठरते.

वजन व कायदा :
उत्पादकाने ठरविलेली कमाल एकूण वजनमर्यादा व प्रत्येक ॲक्सलची मर्यादा वाहनावरील पट्टीवर नोंदविलेली असते. अमेरिकेत मालकाने स्वतः पाटे वा पिशव्या बसविल्याने हे आकडे बदलत नाहीत. ऑस्ट्रेलियात रीतसर मान्यता घेऊन एकूण वजनमर्यादा वाढविण्याची तरतूद आहे. तथापि तेथेही सुधारणेस प्रमाणपत्र आवश्यक असते. कॅम्परच्या माहितीपत्रकातील वजन पुष्कळदा रिकाम्या पेटीचे असते. १५० लिटर पाणी भरताच १५० किलो वाढतात. गॅस, बॅटरी, अन्नसामग्री व प्रवासी वेगळेच. म्हणून संपूर्ण भरलेले वाहन वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक ॲक्सलचे वजन स्वतंत्रपणे घेणे, ही कोणत्याही सुधारणेची पहिली पायरी असली पाहिजे.

समारोप :
वरील विवेचनावरून सुधारणेचा योग्य क्रम स्पष्ट होतो. प्रथम वजन मोजावे. नंतर ते कमी करावे व गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे आणावा. त्यानंतर टायर व रिम तपासावेत आणि शेवटी पाटे व शॉक ॲब्सॉर्बर एकत्रितपणे निवडावेत. भार मर्यादेत असेल, तर सस्पेन्शनची सुधारणा प्रवास सुरक्षित व सुखकर करते. भार मर्यादेबाहेर असेल, तर तीच सुधारणा मागचा भाग खाली बसण्याची दृश्य सूचना नाहीशी करते आणि धोका मात्र तसाच ठेवते. अशा वेळी अधिक क्षमतेचा ट्रक किंवा हलका कॅम्पर निवडणे हाच शास्त्रीय पर्याय होय.